आधी सुई बदला, कार्ट्रिजचं नंतर बघू

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. टर्नटेबलला ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (आर्म म्हणजे रेकॉर्डवरून फिरणारा दांडा, त्याच्या टोकाला बसणारा आणि सुईची कंपनं विजेत बदलणारा भाग) आहे, दोन वर्षांपूर्वी नवं घेतलेलं. रोज साधारण एक एलपी दोन्ही बाजूंनी वाजते. बाजूचं पहिलं गाणं स्वच्छ लागतं, पण शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतात, झांजांची नुसती खरखर होते. आता शिबाता घ्यावं, मायक्रोलाइन घ्यावं (हे दोन्ही सुईच्या टोकाचे बारीक आकार), की सरळ मूव्हिंग कॉइलकडे, म्हणजे सुईबरोबर चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलतं अशा कार्ट्रिजकडे वळावं?

माझं उत्तर असं: कार्ट्रिज आहे तेच ठेवा. त्याच बॉडीत बसणारी मायक्रोलाइनची सुई घ्या आणि एक दुपार मोकळी ठेवून कार्ट्रिज नव्याने अलाइन करा, म्हणजे खाचेशी नेमक्या कोनात बसवा. मूव्हिंग कॉइलचा विचार सध्या बाजूला राहू द्या.

सगळ्यात आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. एलपी म्हणजे दोन बाजू मिळून अंदाजे ४० मिनिटं. दोन वर्षांचे ७३० दिवस धरले तर ४८५ तासांच्या आसपास वाजवून झालं. ऑडिओ-टेक्निका स्वतः आपल्या सुयांचं आयुष्य असं सांगते: गोल टोक ५०० तास, इलिप्टिकल (लंबगोल) ३००, शिबाता ८००, मायक्रोलाइन १०००. तुमची सुई इलिप्टिकल आहे, म्हणजे ती ठरलेल्या आयुष्याच्या दीडपटीहून जास्त चालली आहे. हे आकडे काटेकोर नसतात. रेकॉर्ड स्वच्छ असतील तर सुई जास्त टिकते, धुळीच्या असतील तर लवकर जाते. तरी कोणता आकार चांगला हे ठरवण्याआधी एवढं मान्य करा, की सध्या तुम्ही जे ऐकता तो इलिप्टिकलचा आवाज नाही, झिजलेल्या इलिप्टिकलचा आहे. अशा सुईशी तुलना केली तर कोणतीही नवी सुई सोन्याचीच वाटेल.

झीज डोळ्यांनी बघता येते. मी सुया तपासतो तेव्हा शंभरपट मोठं दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली धरतो आणि दिवा एका बाजूने तिरका ठेवतो. नव्या टोकावर प्रकाशाचा एक बारीक ठिपका दिसतो, आणि सुई हळूहळू फिरवली की तो ठिपकाही टोकावरून सावकाश सरकत जातो. झिजलेल्या टोकाच्या दोन्ही खांद्यांवर सपाट चकत्या पडलेल्या असतात. एका ठराविक कोनात त्या आरशासारख्या लख्ख चमकतात आणि केसभर हललं की विझतात. त्या चकतीची कड जिथे संपते तिथे धार तयार झालेली असते. रोज त्याच खाचेतून ती धार फिरते आणि भिंत तासत जाते. सुई परत नवी आणता येते, तासलेली भिंत येत नाही. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, नवी सुई येईपर्यंत आवडत्या रेकॉर्ड वाजवू नका.

आता आकाराकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेर असो वा आत. पण बाहेरची खाच केंद्रापासून जवळपास १४६ मिलिमीटरवर असते आणि आतली अगदी शेवटची ६० मिलिमीटरवर. त्यामुळे सुईखालून बाहेर सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर शेवटी फक्त २१. तेच १० किलोहर्ट्झचं कंपन बाहेर ५१ मायक्रॉन लांबीत पसरलेलं असतं आणि शेवटी २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेलं. ‘स’ची ऊर्जा याच्या आसपासच, थोडी खाली-वर असते, ‘श’ची त्याहून खाली. गोल टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन, म्हणजे गोळ्याचा व्यास ३० ते ३६. आता चित्र डोळ्यांसमोर आणा: २१ मायक्रॉनची एक पूर्ण लाट, आणि तिच्या चढउतारांत शिरायला निघालेला ३६ मायक्रॉनचा गोळा. तो दरीत उतरतच नाही, एका शिखरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. त्यातून जो आवाज निघतो त्यालाच आपण ‘फाटणं’ म्हणतो.

आणखी एक गोष्ट घडते, ती फारशी कुणी सांगत नाही. मास्टर, म्हणजे रेकॉर्डची मूळ तबकडी कापणाऱ्या सुईची धार छिन्नीसारखी सपाट असते आणि ती कायम एकाच दिशेला तोंड करून राहते. त्यामुळे खाच जिथे तिरकी वळते तिथे ती अरुंद होते. रस्ता वळला तरी छिन्नी वळत नाही, मग वळणावर दोन भिंतींमधलं अंतर कमी भरणारच. गोल टोक अशा अरुंद जागी आलं की वर ढकललं जातं, प्रत्येक कंपनात दोनदा. मूळ संगीतात नसलेली वरखाली हालचाल आवाजात मिसळते, तीही दुप्पट वारंवारतेने. टोक जितकं छिन्नीच्या जवळचं, तितका हा त्रास कमी. सुईच्या सगळ्या महागड्या आकारांमागची मूळ कल्पना एवढीच आहे: ज्या आकाराने कापलं, शक्यतो त्या आकाराने वाचायचं. फक्त वाचताना भिंत कापली जाता कामा नये.

इलिप्टिकल ही या वाटेवरची पहिली पायरी. तुमच्या सुईचं माप ०.३ बाय ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आहे, म्हणजे भिंतीला टेकणाऱ्या बाजूची त्रिज्या सुमारे ८ मायक्रॉन आणि समोरून १८. बाजू बारीक झाल्याने लाटेत उतरता येतं. पण संपर्काची जागा लहान होते, तेवढ्याच जागेवर तोच भार येतो आणि टोक गोल सुईपेक्षा लवकर झिजतं. वरच्या यादीत ५०० आणि ३०० हे आकडे उलटे वाटले असतील तर त्याचं कारण हे.

पुढची पायरी वेगळ्याच गरजेतून आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या जेव्हीसीने सीडी-४ नावाची चार चॅनेलची रेकॉर्ड आणली. पुढच्या आणि मागच्या स्पीकरांमधल्या फरकाची माहिती ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवून त्याच खाचेत कापलेली असायची, त्यामुळे सुईला ४५ किलोहर्ट्झपर्यंत वाचणं भाग होतं. इलिप्टिकलला ते जमेना. जेव्हीसीतल्या नोरिओ शिबाता यांनी टोकाला असा आकार दिला की बाजू बारीक राहील आणि भिंतीवरचा संपर्क एका ठिपक्याऐवजी उभ्या लांब रेषेत पसरेल. भार त्या रेषेवर वाटला गेल्याने बारीक वाचन आणि कमी झीज या दोन्ही गोष्टी एकदम साधल्या. चार चॅनेलच्या रेकॉर्ड बाजारातून गेल्या, शिबाता टोक मात्र टिकलं. पुढे आलेली फाइन लाइन, लाइन कॉन्टॅक्ट, मायक्रोरिज, मायक्रोलाइन ही सगळी याच घराण्यातली.

मायक्रोलाइनची बाजू तर ०.१२ मिल, म्हणजे जेमतेम ३ मायक्रॉन. तुमच्याच मालिकेतल्या शिबाताची ०.२६ मिल, साडेसहाच्या जवळपास. पण मला मायक्रोलाइन आवडते ती केवळ या मापामुळे नाही. तिच्या टोकाला दोन्ही बाजूंनी खांदे कापून मधे एक अरुंद कणा ठेवलेला असतो. कणा झिजला तरी त्याची जाडी बराच काळ तीच राहते, त्यामुळे २०० तासांनी आणि ६०० तासांनी आवाजात फारसा फरक पडत नाही. इलिप्टिकल पहिल्या दिवसापासून थोडी थोडी बोथट होत जाते. ती इतक्या हळू बिघडते की रोज ऐकणाऱ्याला कळतच नाही.

मग तुमच्यासाठी शिबाता का नाही? वाईट अजिबात नाही. व्हीएम९५ मालिकेत दोन्ही सुया मी एकाच बॉडीत, एकाच आर्मवर पुष्कळ वेळा ऐकल्या आहेत. शिबाताचा वरचा पट्टा जरा मवाळ लागतो, आणि बऱ्याच जणांना तो जास्त सुखद वाटतो. पण तुमची तक्रार नेमकी बाजूच्या शेवटाची आहे, आणि तिथे मायक्रोलाइन सरळ पुढे आहे. ख्यालाची द्रुत घ्या किंवा सिंफनीचा अखेरचा भाग, संगीत नेमकं भरात येतं तेव्हा सुई लेबलजवळ पोचलेली असते. तिथेच आवाज फाटत असेल तर बाकीच्या गोडव्याचा उपयोग नाही. याच मालिकेत व्हीएम९५ईएन ही नितळ हिऱ्याची, म्हणजे धातूच्या खुंटीवर न चिकटवता अख्ख्या हिऱ्यातून घडवलेली इलिप्टिकल सुई आहे. ती हलकी आहे आणि तुमच्या सुईपेक्षा चपळही, पण टोकाचं माप तेच ०.३ बाय ०.७. तुमच्या प्रश्नाला ते अर्धंच उत्तर होईल, म्हणून ती पायरी गाळा.

ऑर्टोफॉनची २एम मालिका वापरणाऱ्यांनाही हाच विचार लागू आहे, फक्त तिथे एक अडचण आहे. ब्लूची सुई रेडच्या बॉडीत सरळ बसते. ब्राँझ आणि ब्लॅक यांची बॉडी वेगळी आहे, त्यामुळे तिथे वर चढायचं तर अख्खं कार्ट्रिज घ्यावं लागतं.

मूव्हिंग कॉइलबद्दल लोकांच्या मनात एक घट्ट समजूत असते की तो वरचा वर्ग आहे, म्हणजे टोकही बारीकच असणार. डेनॉनचं डीएल-१०३ बघा. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या सहकार्याने ते घडवलं गेलं, आजही विकलं जातं, आणि त्यावर जीव टाकणारे जाणकार जगभर आहेत. त्याचं टोक गोल आहे, १६.५ मायक्रॉनचं. स्टुडिओत दिवसभर उचल-ठेव सोसणारी, अलाइनमेंट थोडी चुकली तरी सांभाळून घेणारी सुई त्यांना हवी होती, आणि ते काम ती उत्तम करते. पण बाजूच्या शेवटी ती तुमची तक्रार दूर करणार नाही. शिवाय तिचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, तुमच्या कार्ट्रिजचं ४. म्हणजे हा क्षीण सिग्नल वाढवायला वेगळा फोनो प्रीअँप किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आला. सस्पेन्शन (सुईला तोलणारा लवचीक आधार) कडक, त्याला जड आर्म लागतो. आणि बहुतेक मूव्हिंग कॉइलची सुई घरी बदलता येत नाही. सुई संपली की अख्खं कार्ट्रिज कंपनीकडे किंवा कारागिराकडे पाठवायचं. पुढे जरूर घ्या, आज त्याने प्रश्न सुटत नाही.

आर्म आणि कार्ट्रिजचं जुळणं तपासायला एक साधा हिशेब आहे. आर्मचं प्रभावी वस्तुमान (सुईला जाणवणारा आर्मचा जडपणा), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्याला कार्ट्रिजच्या १० हर्ट्झच्या कम्प्लायन्सने (सस्पेन्शनच्या लवचीकपणाच्या आकड्याने) गुणा, गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर, म्हणजे आर्म आणि कार्ट्रिज मिळून ज्या वारंवारतेला आपसूक डोलतात ती, ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान आलं की झालं. आर्म १२, कार्ट्रिज ६, स्क्रू १, कम्प्लायन्स २० असं धरलं तर ८.२ येतं, म्हणजे चालतं. एकच जपा: जपानी कंपन्या कम्प्लायन्स बऱ्याचदा १०० हर्ट्झला मोजलेला देतात. १० हर्ट्झचा आकडा त्याच्या दीडपट ते दुप्पट निघतो. तुमची बॉडी बदलत नाही आणि नव्या सुईचं वजनही जवळपास तेच आहे, त्यामुळे या बाबतीत तुम्ही निर्धास्त राहा.

आता त्या मोकळ्या दुपारबद्दल. गोल टोक कोणत्याही बाजूने सारखंच असतं, थोडं वाकडं बसलं तरी त्याला फरक पडत नाही. मायक्रोलाइनचा कणा म्हणजे पात्यासारखी दिशा असलेली गोष्ट. ती एक-दोन अंशांनी जरी फिरलेली असली तरी डावी-उजवी भिंत एकाच क्षणी वाचली जात नाही, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच हरवतं. बारीक टोक घेऊन निराश झालेल्या लोकांचे टर्नटेबल माझ्याकडे येतात. त्यातल्या बहुतेकांत सुईचा काहीच दोष नसतो, ओव्हरहँग, म्हणजे सुई तबकडीच्या केंद्राच्या जितकी पुढे जाते ते अंतर, चुकलेला असतो.

प्रोट्रॅक्टरवर (अलाइनमेंटच्या खुणा असलेल्या पट्टीवर) दोन बिंदू असतात, बेअरवाल्ड पद्धतीत केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. हेडशेलचे (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं त्या भागाचे) स्क्रू इतकेच सैल ठेवा की कार्ट्रिज बोटाने ढकललं तर सरकेल, पण आपण होऊन हलणार नाही. टर्नटेबलची तबकडी फिरणार नाही अशी धरा आणि सुई आतल्या बिंदूवर अलगद टेकवा. आता समोरून, डोळा तबकडीच्या पातळीवर आणून बघा. रेषा जुळवायच्या त्या कार्ट्रिजच्या कडांशी नाही, कँटिलिव्हरशी. ती बारीक नळी बॉडीत किंचित तिरकी बसलेली असणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि हिरा तिच्या टोकाला आहे. मी हातात भिंग घेतो आणि मागे पांढरा कागद उभा करतो, म्हणजे कँटिलिव्हर आणि खालच्या चकचकीत प्रोट्रॅक्टरमधलं तिचं प्रतिबिंब अशा दोन्ही नळ्या एका सरळ रेषेत आल्या की नाही ते स्पष्ट दिसतं. मग बाहेरच्या बिंदूवर जा. तिथे तिरकं दिसलं तर कार्ट्रिज पुढे-मागे सरकवा, परत आत या. पहिल्यांदा यात तास-दीड तास जातो. घाई करू नका आणि प्रत्येक वेळी स्क्रू आवळताना सुईवर टोपण घाला. स्क्रूड्रायव्हर निसटून कँटिलिव्हर वाकलेल्या सुया मी इतक्या बघितल्या आहेत की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही मुख्यतः बाजूच्या शेवटासाठी झगडत असाल, तर स्टीव्हन्सनची भूमितीही करून बघा. तिचा आतला बिंदू ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे खाच संपते तिथेच पडतो. मधल्या भागात कोन थोडा जास्त चुकतो, पण शेवटचं गाणं सगळ्यात अचूक वाजतं.

सुईचा रेकॉर्डवरचा भार २ ग्रॅम ठेवा, डिजिटल काट्यावर मोजून. आर्मच्या वजनावरच्या आकड्यांवर विसंबू नका. कमी भाराने रेकॉर्ड वाचते हा समज घातक आहे, कारण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतीवर आपटते. अँटी-स्केट (आर्मला आत खेचणारी ओढ रोखणारा उलटा जोर) भाराइतकाच ठेवून सुरू करा आणि मोठ्या आवाजाचा भाग ऐका. उजवं चॅनेल आधी फाटत असेल तर अँटी-स्केट वाढवा, डावं असेल तर कमी करा. आर्म आत ओढला जातो तेव्हा आतली भिंत, म्हणजे डावं चॅनेल दाबलं जातं आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते, म्हणून हे असं.

आर्मच्या उंचीवरून लोक रात्र रात्र जागतात. नऊ इंची आर्मचा मागचा भाग ४ मिलिमीटर उचलला तर सुईचा कोन जेमतेम १ अंशाने बदलतो. रेकॉर्ड वाजत असताना आर्म तिच्याशी समांतर दिसला की पुरे. आधी बाकीचं नीट करा.

एक तपासणी मात्र नवी सुई मागवण्याआधीच करा. आवाज फाटतोय की टोचतोय? फाटणं म्हणजे ‘स’च्या मागे खरखरीची शेपटी लागते, आणि ते बाजूच्या शेवटी वाढतं. टोचणं म्हणजे ‘स’ स्वच्छ आहे पण जरुरीपेक्षा जास्त पुढे येतो, पहिल्या गाण्यापासूनच. टोचत असेल तर दोष केबल आणि प्रीअँपच्या कपॅसिटन्समध्ये (वीज साठवण्याच्या गुणात) असू शकतो. कार्ट्रिजच्या कॉइलचं इंडक्टन्स सुमारे अर्धा हेन्री आहे. केबल आणि प्रीअँप मिळून २०० पिकोफॅरड असतील तर विद्युत रेझोनन्स, म्हणजे आवाज फुगवणारा उंचवटा, १६ किलोहर्ट्झला पडतो. तेच ४०० झाले तर ११ किलोहर्ट्झला, आणि ‘स’ नेमके त्याच्या तावडीत सापडतात. ऑडिओ-टेक्निकाची शिफारस १०० ते २०० ची आहे. प्रीअँपमागचे छोटे स्विच बघा, सगळ्यात कमीवर न्या, लांब केबल असेल तर आखूड लावा. याला पैसे लागत नाहीत.

जुन्या रेकॉर्डबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. बारीक टोक भिंतीवर अशा पट्टीवर टेकतं जिथे पूर्वीच्या गोल सुया पोचल्याच नव्हत्या, त्यामुळे काही रेकॉर्ड अक्षरशः नव्या वाटतील. ज्यांचे ‘स’ जड भाराच्या झिजक्या सुईने कायमचे उधळले आहेत त्या तशाच राहतील, कदाचित जखम जास्त स्पष्ट दिसेल. मायक्रोलाइन खाचेच्या तळाजवळची धूळही उकरून वर आणते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत प्रत्येक बाजूनंतर टोक बघा आणि ब्रश मागून पुढे, फक्त त्याच दिशेने फिरवा. आणि ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर ही सुई कधीच टेकवू नका. त्यांच्या खाचेला ३ मिलचं टोक लागतं. याच बॉडीत बसणारी व्हीएम९५एसपी त्यासाठीच आहे.

फरक नीट ऐकायचा असेल तर जुनी सुई काढण्याआधी एका रेकॉर्डचं शेवटचं गाणं संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवा, फक्त एकदाच. मग नवी सुई, नवी अलाइनमेंट, २०-३० तास वाजवणं, आणि तेच गाणं पुन्हा. मायक्रोलाइनचं आउटपुट ३.५ मिलिव्होल्ट आहे, जुन्याचं ४, म्हणजे नवी सुई साधारण १.२ डेसिबलने हळू वाजते. पातळी सारखी करूनच तुलना करा. तसं केलं नाही तर कानाला मोठा आवाज चांगला वाटेल आणि जुनी सुई विनाकारण जिंकेल.

ती जुनी सुई ‘खराब रेकॉर्डसाठी’ म्हणून जपून ठेवू नका आणि कुणाला देऊही नका. अनोळखी, खरचटलेल्या रेकॉर्डसाठी त्याच बॉडीत बसणारी गोल टोकाची व्हीएम९५सी स्वस्तात मिळते. ती डबीत असू द्या.